कणगीतला शर्ट

धुळाजीला आश्रमाच्या कामाला लावलं ते त्याच्या शेळीनं. कुणी विचारलं तर तो स्वतःच तसं सांगायचा आणि त्यात खोटं काही नव्हतं.

त्या वर्षी पावसानं मृगापासूनच तोंड फिरवलं होतं. दिवाळीत माळावरचं गवत बोटभर उरलं आणि पौषात तेही गेलं. धुळाजीचा थोरला, सुग्रीव, दीडशे मेंढरं, दोन घोडी, बायकालेकरं आणि धाकट्या भावाला घेऊन गंगथडीला निघाला. गोदावरीच्या काठाला अजून थोडं हिरवं आहे, असं कुणीतरी बघून आलं होतं. चाळीस वर्षं या वाटेनं कळपाच्या पुढं धुळाजी चालला होता. यंदा त्याचा खुबा गेला. परळीच्या डॉक्टरनं फोटो काढला, उजेडाला धरला आणि हाड झिजलंय म्हणून सांगितलं. सुग्रीव म्हणाला, आबा, तुम्ही घर राखा. घरात राखण्यासारखं काय होतं? पत्र्याच्या दोन खोल्या, एक बाज आणि चहापुरतं दूध देणारी एक शेळी. कळप निघाला तेव्हा धुळाजी काठी टेकत वेशीपर्यंत गेला. मेंढरं त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढं निघून गेली, एकही थांबलं नाही, आणि धूळ खाली बसेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.

पुढचा महिनाभर त्यानं बाजेवर बसून नुसती वाट पाहिली. कशाची, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. भाकरी शेजारची ताराबाई द्यायची. ती चांगली बाई, पण ताट ठेवताना रोज म्हणायची, 'खाऊन घ्या आबा, तुमाला आता काय काम हाय.' मायेनंच म्हणायची. धुळाजीला तो घास घशाखाली ढकलावा लागायचा.

आणि मग शेळी सुटली. गावाबाहेर, सिरसाळ्याच्या रस्त्याला, निराधार लेकरांचा आश्रम होता. तिथल्या लेकरांनी अंघोळीचं सांडपाणी डब्याडब्यानं घालून लिंबाची बावीस रोपं जगवली होती. शेळी तुटक्या तारेतून आत शिरली आणि एका सकाळीत तिनं बावीसच्या बावीस रोपांचे शेंडे खाल्ले. धुळाजी शिव्या खायच्या तयारीनंच गेला. आश्रम सांभाळणाऱ्या गीताबाईंनी शेळी खांबाला बांधून ठेवली होती. पन्नाशीची, चष्मा लावणारी, तुरुतुरु चालणारी बाई. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. शेळी घेऊन जा म्हणाल्या, पण कुंपण तेवढं करून द्या.

धुळाजीचा खुबा गेला होता, हात शाबूत होते. बाभळीच्या फांद्या तोडायच्या, काटा बाहेर करून एकात एक गुंतवायच्या, बुडाला दगड द्यायचा. मेंढरांच्या वाड्याला आयुष्यभर हेच केलं होतं. अकरा दिवसांत कुंपण असं झालं की त्यातून सरडासुद्धा विचार करून आत यावा. बाराव्या दिवशी काम उरलं नव्हतं. तरी तो सकाळी अंघोळ करून, डोक्याला पटका बांधून, आश्रमाच्या दारात जाऊन उभा राहिला. गीताबाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि काही न विचारता पाखडायच्या डाळीचं सूप त्याच्या हातात दिलं.

तेव्हापासून तो रोजचा झाला. डाळ पाखडायची, टँकर आला की टाकीत पाइप धरायचा, दुपारी लहानग्यांजवळ बसायचं. आश्रमात चौतीस लेकरं होती. कुणाचं कुणीच नव्हतं, कुणाचं असून नसल्यात जमा. महिन्यातून एखादी गाडी यायची. परळीचा नाहीतर बीडचा कुणी भला माणूस आपल्या पोराचा वाढदिवस इथं करायचा. केक कापायचा, बिस्किटाचे पुडे वाटायचे, लेकरांना रांगेत बसवून फोटो काढायचा. धुळाजीला वाटायचं, चांगलंच आहे, गोड तर मिळतं पोरांना. एकदा फोटोवाल्यानं त्यालाही रांगेच्या टोकाला बसवलं आणि हातात पुडा दिला. गीताबाई पोट धरून हसल्या होत्या.

गावच्या दूध सोसायटीकडून आश्रमाला रोज चार लिटर दूध फुकट यायचं. माघात गावची निम्मी जनावरं चाऱ्याच्या छावणीवर गेली आणि सोसायटीच्या कॅनमध्ये तळ दिसायला लागला. चेअरमन सुंदरराव स्वतः आले, पायरीवर टेकले आणि खाली मान घालून म्हणाले की उद्यापासून दीड लिटरच पाठवतो, राग मानू नका. दुष्काळात दीड लिटर देणारा माणूस वर माफी मागत होता. धुळाजीला ते फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून तो शेळीचं दूध तांब्यात घेऊन येऊ लागला आणि स्वतः काळा चहा प्यायला लागला.

फाल्गुनाच्या शेवटी जीपमधून एक तान्ही मुलगी आली. जेमतेम दीड महिन्याची. बालकल्याण समितीचं पत्र होतं, सोबत एक बाई होती आणि गोधडीत गुंडाळलेलं हे एवढंसं. हिची आई ऊस तोडायला घाटाखाली गेली होती. फडातच बाळंत झाली, पुन्हा उभी राहिली, आणि महिन्यानं कावीळ होऊन चार दिवसांत गेली. बाप त्याच्या थोरल्या भावाबरोबर तिथंच तोडीवर राहिला. आजीनं लेकराला घरी आणलं, पण तिच्या पदरी मुलीची आणखी दोन पोरं होती आणि दिवसभर छावणीवर शेण काढायचं काम होतं. नऊ दिवस तिनं तान्ही सांभाळली, मग गावातल्या नर्सबाईनं पुढाकार घेतला आणि लेकरू इथं पोचलं. नावही ठेवलेलं नव्हतं. गीताबाईंनी गोदा म्हणायला सुरुवात केली.

आल्या आल्या गीताबाईंनी करायचं ते सगळं केलं. लेकराला कोमट पाण्यात औषध घालून अंघोळ घातली, अंगावरचं झबलं आणि गोधडी उकळून वाळत घातली, स्वच्छ दुपट्यात गुंडाळलं, डॉक्टरनं सांगितलेली दुधाची पावडर उकळलेल्या पाण्यात कालवून बाटली तोंडाला लावली. गोदानं तोंड फिरवलं. बोंडल्यानं पाजून पाहिलं, तिनं जिभेनं दूध बाहेर ढकललं. कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब सोडला, तो गालावरून ओघळला. आधी ती रडायची. तिसऱ्या दिवशी रडायचीही थांबली आणि ते जास्त वाईट होतं.

डॉक्टर येऊन गेले. लेकरात दोष काही नाही म्हणाले. दोन दिवस बघू, नाहीतर अंबाजोगाईला नेऊन नाकातून नळी घालावी लागेल, आणि वजन इतकं कमी आहे की तिथंही काही सांगता येत नाही. गीताबाई त्यांच्यासमोर नुसती मान हलवत राहिल्या आणि ते गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

धुळाजी दाराशी डाळ पाखडत बसला होता. त्यानं सूप खाली ठेवलं. बायकांच्या कामात आणि शिकल्यासवरल्यांच्या कामात आपण तोंड घालू नये, एवढी समज त्याला होती. पण हे काम त्याच्या ओळखीचं होतं. जन्मात त्यानं अशी पन्नास तरी कोकरं पाहिली असतील.

तो आत गेला आणि म्हणाला, "बाई, तिच्या आईचं काय आलंय का तिच्यासंगं?"

"म्हणजे काय?"

"कापड. फडकं. कायबी."

आईचं काही नव्हतं. गोधडी आजीकडची होती आणि ती उकळून झाली होती. तिच्यात आता औषधाचाच वास होता.

"बाई, राग मानू नका," धुळाजी म्हणाला. "मेंढी मेली ना, तर तिचं कोकरू दुसरीला लागत न्हाई. बाटलीलाबी लागत न्हाई. आमी मग मेलेलीची मूठभर लोकर कापून ठिवतो. ती कोकराच्या नाकाशी धरायची आन मग दूध लावायचं. कोकरू आदी वास घेतंय, मग त्वांड उघडतंय. आईची लोकर कंदीबी धुवायची न्हाई. माझ्या बापानं मला मारलंतं एकदा, लोकर धुतली म्हून."

गीताबाई थकून गेल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. ही मेंढी नाही आबा, असं त्या म्हणणार होत्या, पण म्हणाल्या नाहीत. डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर आधी हसले, मग म्हणाले की तोंडात जाऊ देऊ नका, जवळ ठेवायला हरकत नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडं दुसरं काही नाही. गीताबाईंनी समितीच्या पत्रावरून आजीचं नाव वाचून दाखवलं. केसरबाई, मुक्काम खोपटवाडी, वडवणीच्या पुढं. आश्रमाची गाडी टँकरमागं परळीला गेलेली. धुळाजीनं काठी घेतली आणि तो रस्त्याला लागला.

सिरसाळ्याहून वडवणीची एसटी खच्चून भरली होती. पोरीसोरी उभ्या, म्हाताऱ्या उभ्या. कंडक्टरनं धुळाजीला बॉनेटजवळ कोंबलं आणि पाय आवर म्हणून ओरडला. खुबा वाकत नव्हता, तो पाय आवरणार कसा? प्रत्येक खड्ड्याला त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. वडवणीला उतरून पाणी प्यावं म्हणून तो हॉटेलात गेला, तर पोऱ्यानं चहा घेतला तरच पाणी म्हणून सांगितलं. त्यानं चहा घेतला, पाण्याचे दोन पेले प्याला आणि चहा तसाच ठेवून निघाला. पुढं खोपटवाडीपर्यंत चार किलोमीटर चढ. ऊन डोक्यावर. रस्त्याच्या कडेला विहिरी होत्या आणि त्यांच्यात वाकून बघायलासुद्धा कुणी थांबत नव्हतं. धुळाजी शंभर पावलं चालायचा, काठीवर भार देऊन उभा राहायचा, पुन्हा शंभर पावलं. कळपामागं रोज वीस-वीस किलोमीटर चाललेला माणूस, त्याला त्या चढाची लाज वाटत होती. पण एक होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो कुठंतरी जायला निघाला होता.

केसरबाईचं घर वस्तीच्या टोकाला होतं. ती दुपारच्या सुट्टीत नुकतीच छावणीवरून आली होती, कोपरापर्यंत हात शेणानं भरलेले. अनोळखी माणूस दारात पाहून ती थांबली. धुळाजी म्हणाला, म्या आश्रमाकडून आलोय. एवढंच ऐकलं आणि ती होती तिथं मातीत बसली. रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "कंदी गेली?"

धुळाजीला आपली चूक कळली. निरोप्यानं आधी काय बोलावं एवढंही आपल्याला सुचलं नाही, म्हणून त्यानं मनात स्वतःला शिवी दिली.

"जित्ती हाय," तो म्हणाला. "बाई, जित्ती हाय. पर पिईना. म्हून आलोय."

मग त्यानं सगळं सांगितलं. लोकरीचं सांगितलं, बापाच्या माराचं सांगितलं. केसरबाई ऐकत राहिली. मग उठली, हात धुतले, आतून एक लुगडं घेऊन आली. हिरवं, नीट घडी घातलेलं. लेकीचं, सत्यभामाचं हाय, म्हणाली. धुळाजीनं ते नाकाजवळ नेलं. साबण आणि पेटीतल्या डांबरगोळ्या.

"हे धुतल्यालं हाय, बाई."

"मग? मेलेल्या मानसाचं कापड न धुता देऊ का?"

"न धुतल्यालंच पायजे."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मेलेल्या बाईच्या अंगावरचे कपडे घरात कोण ठेवतं? दहाव्याच्या आतच सगळं वाटेला लागलं, भावकीनं उभं राहून लावलं, म्हणाली. तिचा आवाज चढला होता. धुळाजीला कापड ठेवलंय की नाही हे कळत नव्हतं, पण जनावरं राखणाऱ्याला लपवणारं माणूस कळतं. ती बोलताना दोनदा आतल्या अंधाराकडं बघून गेली होती. तो उंबऱ्याबाहेर दगडावर बसला, काठी आडवी ठेवली आणि पाय पुढं सोडला. बसून राहण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

बऱ्याच वेळानं केसरबाईनं आतून विचारलं, "किती वजन ऱ्हायलंय तिचं?"

"दोन किलोच्यावर थोडं. आता रडतबी न्हाई."

आत कणगीचं झाकण सरकल्याचा आवाज आला. तुरीच्या काड्यांची, शेणानं लिंपलेली उंच कणगी होती ती. ज्वारी भरायची. यंदा तिच्यात दाणा नव्हता. केसरबाईनं खांद्यापर्यंत हात आत घालून प्लास्टिकची एक पिशवी वर काढली, तोंड सुतळीनं घट्ट बांधलेली.

पिशवीत शर्ट होता. पुरुषाचा, लांब बाह्यांचा, निळ्या चौकटीचा. ऊस तोडणाऱ्या बाया पाल्यानं हात चिरू नयेत म्हणून लुगड्यावरून घालतात तसला. कोपरावर ठिगळ, छातीशी उसाच्या रसाचे आणि दुधाचे सुकून कडक झालेले डाग.

"भावकीला दावला न्हाई," केसरबाई म्हणाली. "जाळला आसता. म्या कवातरी एकलीच आसले की सुतळी सोडते, वास घेते, पुना बांधते. रोज न्हाई. रोज घेतला तर सरंल म्हून." मग म्हणाली, "लेकरू हितं नऊ दिस भुकेनं तडफडलं आन म्या ह्यो कणगीत दाबून ठिवलाता. आजी हाय म्या तिची. मला ग्यान झालं न्हाई."

धुळाजीनं मान खाली घातली. मागायला आलो ते काय मागायला आलो, हे त्याला आत्ता कळलं. घरातला शेवटचा दाणा मागायला यावं तसं ते होतं. तो नको म्हणू शकत नव्हता, आणि द्या असंही आता त्याच्या तोंडातून निघेना.

केसरबाईनंच शर्ट त्याच्या हातात दिला. "दोन गोष्टी," म्हणाली. "धुऊ नगा. आन तिचं काम झालं की मला माघारी द्या."

"धुनार न्हाई. माघारी दीन," धुळाजी म्हणाला.

तिनं त्याला भाकरी बांधून दिली. घरात पीठ किती होतं ते त्याला दिसत होतं, तरी नको म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

दिवस मावळायच्या आत तो आश्रमात पोचला. वडवणीपासून एका दूधवाल्यानं मोटारसायकलवर आणलं, खुब्याचं काय झालं ते विचारायलाच नको. गीताबाईंनी शर्ट पाहिला आणि त्यांचा हात सवयीनं बादलीकडं गेला. धुळाजी इतक्या मोठ्यानं 'न्हाई' म्हणाला की चार लेकरं खेळायची थांबली. मग त्यानं तीनदा साबणानं हात धुतले, गीताबाईंना दाखवले, भिंतीला पाठ लावून मांडी घातली, जमली तेवढी. मांडीवर शर्ट पसरला, छातीचा भाग वर करून. त्यावर दुपटं, दुपट्यात गोदा. शर्टाची कॉलर तिच्या गालाशी आली.

काही झालं नाही. बाटली तोंडाशी नेली, तिनं तोंड फिरवलं. गीताबाईंनी सुस्कारा सोडला. धुळाजी म्हणाला, घाई नाही. कोकराला लगेच कळत नाही, ते आधी नुसतं पडून राहतं. तो ओठ मिटून जिभेनं 'टक टक' करत राहिला, मेंढरं बोलवताना करायचा तसं. मांडीत कळा येत होत्या, पण तो हलला नाही. बराच वेळ गेला. मग गोदाचं डोकं थोडं वळलं. नाक कापडात गेलं. तिनं एक मोठा श्वास घेतला, मग दुसरा, आणि ओठ असे हलले की जणू तिथं काही आहे. धुळाजीनं बाटलीचं बोंड त्या ओठांशी नेलं.

तिनं धरलं. सोडलं. पुन्हा धरलं. पहिला घोट तिच्या गळ्यात उतरताना सगळ्यांनी पाहिला. दुसरा पाहिला. पाचव्या घोटाला गीताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या बाहेर निघून गेल्या. धुळाजी मात्र बाटलीतल्या रेघा बघत होता. पाऊण बाटली झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्या दाढीतून पाणी टपकतंय, आणि त्यानं ते तसंच टपकू दिलं. देवाला, शेळीला, केसरबाईला, त्यानं सगळ्यांना एकदमच हात जोडले, मनातल्या मनात, कारण हात रिकामे नव्हते.

तिथून पुढं गोदाला पाजणं हे त्याचं काम ठरलं. दिवसातून चार वेळा तो भिंतीला टेकून बसायचा, मांडीवर शर्ट, त्यावर गोदा. रात्रीसाठी शर्ट पाळण्यात ठेवून तो घरी जायचा आणि जाताना रोज बजावायचा की धुऊ नका. मोठी पोरं त्याच्या तोंडून ऐकून ऐकून एकमेकांना तेच म्हणायला लागली. डॉक्टर आठवड्यानं आले, वजन केलं, काटा दोनदा तपासला. चैत्र सरेपर्यंत गोदाच्या मनगटाला वळी पडली. ताराबाईची भाकरी धुळाजी आता उभ्या उभ्या खायचा, आणि तुम्हाला काय काम असं म्हणायची तिची सवय आपोआप मोडली.

वैशाखात सुग्रीवचा फोन आला. गंगथडीला चारा बरा आहे, एका ओळखीच्या टेम्पोत जागा आहे, आबा तुम्ही या, वाड्यावर बसून राहा, लेकरं आठवण काढतात. तीन महिन्यांपूर्वी हा फोन आला असता तर धुळाजी चालत निघाला असता.

"आत्ता न्हाई जमायचं," तो म्हणाला. "म्या कामाव हाय."

सुग्रीवला नीट ऐकू आलं नसावं, त्यानं पुन्हा विचारलं. धुळाजीनं पुन्हा तेच सांगितलं, जरा सावकाश, कारण त्याला ते वाक्य आवडलं होतं.

ज्येष्ठात एका दुपारी केसरबाई आली. छावणीला एक दिवसाची सुट्टी घेतलेली, धुवट लुगडं, हातात चार गावरान अंडी फडक्यात बांधलेली. धुळाजी पाजायलाच बसला होता. तिला दारात बघून त्याला आनंद झाला आणि त्यानं मांडीवरच्या शर्टाकडं पाहिलं, कारण आता शर्ट मागायला ती आली होती, आणि तो तिचाच होता.

तिनं लेकराकडं पाहिलं. बाटलीवर दोन्ही हात ठेवून पिणारी, गोबऱ्या गालांची ही पोरगी आपलीच का, असं तिच्या तोंडावर उमटलं. गीताबाईंनी नाव सांगितलं. "गोदा," ती हळूच म्हणून बघत होती. मग खाली बसली आणि गोदाचं पिणं होईपर्यंत बघत राहिली. धुळाजीनं लेकरू गीताबाईंकडं दिलं, मांडीवरचा शर्ट उचलला, झटकला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला.

केसरबाईनं तो नाकाला लावला. डोळे मिटले.  मग बाही हुंगली, मग काखेची शिवण, मग पुन्हा छातीचा भाग.

"धुतला न्हाई, बाई," धुळाजी म्हणाला. "कुनाला हात लावू दिला न्हाई."

"ते कळायलंय मला," ती म्हणाली. "पर सत्यभामा न्हाई ह्याच्यात. दुदाचा वास येतोय. आन मेंढराचा, तमाखूचा. तुमचा."

धुळाजीनं शब्द दोन्ही पाळले होते आणि ठेव तरी हरवली होती. रोज चार वेळा मांडीवर पसरला, त्याच्या घोंगडीशी, त्याच्या धोतराशी घासला, त्यात ती बाई किती दिवस टिकणार होती? हे आपल्याला आधी कळायला हवं होतं. लोकर कोकराला चार-पाच दिवस पुरते, मग टाकून देतात. ती कुणाला परत द्यायची नसते, म्हणून त्यानं कधी विचारच केला नव्हता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुमच्याजवळ तेवढंच ऱ्हायलंतं, तेबी म्या सरवलं."

केसरबाईनं शर्ट बाजूला ठेवला आणि गीताबाईंपुढं हात पसरले. गोदा अनोळखी हातात जाताना कुरकुरली, धुळाजीकडं बघायला लागली. केसरबाईनं तिला खांद्यावर घेतलं, तिच्या कानाखाली, मानेच्या वळीत, जिथं तान्ह्या लेकरांना घाम येतो तिथं नाक नेलं, आणि तशीच राहिली. तिची पाठ हलायला लागली. गीताबाई पुढं सरकल्या, तिनं हातानंच त्यांना थांबवलं.

"हितं हाय की," ती म्हणाली. "आबा, सगळी हितं आलीया."

धुळाजीनं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. केसरबाई गोदाला हुंगत होती, बोटं मोजत होती, पुन्हा हुंगत होती. ती हसत होती आणि रडतही होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. लिंबाच्या रोपांना नवे शेंडे फुटले होते. पोरं तिथं पाणी घालता घालता थांबून इकडंच बघत होती.

निघताना तिनं शर्ट उचलला आणि धुळाजीच्याच हातात परत दिला.

"आता धुवा ह्यो," ती म्हणाली. "लई मळलाय. थंडीत तिला पांघरायला व्हईल."

ती एसटीला गेल्यावर धुळाजीनं लेकरांच्या अंघोळीचं राखून ठेवलेलं पाणी एका बादलीत घेतलं. साबण थोडा लावला, पाणी गढूळ झालं ते लिंबाच्या बुडाला ओतलं, पुन्हा एकदा खळबळला. मग पिळून, बाह्या सरळ करून, आपण घातलेल्या कुंपणावर वाळत टाकला, शेळीचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचावर.